डिलीट केलेली फाईल बिनमध्ये नाही: आधी बिन दुरुस्त करायचं की फाईल शोधायची?

गेल्या लग्नसराईत पारोळ्याचा एक स्टुडिओवाला कॉम्प्युटरच उचलून माझ्या अमळनेरच्या दुकानात आला. नको असलेले फोटो काढता काढता हळदीचं अख्खं फोल्डर गेलं होतं आणि रिसायकल बिन उघडलं तर रिकामं. "भाऊ, मना फोटू कथा गयात?" माझे फोटो कुठे गेले, एवढंच तो अहिराणीत पुन्हा पुन्हा विचारत होता. येण्याआधी दोन तास त्यानं बिन दुरुस्त करण्यात घातले होते. कचरा साफ करणारं एक क्लीनर सॉफ्टवेअर टाकलं होतं, विंडोजचं अपडेटही होऊ दिलं होतं. फोटो डेस्कटॉपवर होते, म्हणजे सी ड्राइव्हवर, आणि हे सगळं नवं सामानही तिथेच उतरलं. शेवटी निम्मेच फोटो हाती लागले.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे: गेलेली फाईल हवी असेल तर बिनला हात लावू नका. फाईल सी ड्राइव्हवरची असेल तर मशीन तिथल्या तिथे बंद करा. फाईल नको असेल, नुसता पुढचा धोका टाळायचा असेल, तर थेट खालच्या दुरुस्तीकडे या.

फाईल परत मिळवायची तर

सगळं डिस्कवर अवलंबून आहे. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर डिलीट केलं की ती जागा फक्त 'मोकळी' म्हणून नोंदली जाते. दुसरं काही तिथे लिहिलं जाईपर्यंत मजकूर तसाच पडून असतो. एसएसडीचं, म्हणजे फिरता भाग नसलेल्या चिपवाल्या डिस्कचं, गणित वेगळं. विंडोज तिला ट्रिम नावाची सूचना देतं आणि डिस्क ती जागा स्वतःहून पुसून टाकते, बहुतेकदा लवकरच. त्यामुळे हार्ड डिस्क असेल तर मी नेटानं प्रयत्न करायला सांगतो, एसएसडी असेल तर गिऱ्हाइकाला आशा कमी आहे हे पैसे घेण्याआधीच सांगतो. पेन ड्राइव्ह आणि कॅमेऱ्याचं कार्ड यांना मुळात बिनच नसतं, पण तिथून फोटो परत निघण्याची शक्यता बरी असते. कार्डावर पुढचं शूटिंग मात्र करू नका.

स्वतः करायचं की डेटा परत काढून देणाऱ्या लॅबमध्ये पाठवायचं? डिस्क नीट चालत असेल तर स्वतः करा. मायक्रोसॉफ्टचं विंडोज फाईल रिकव्हरी हे सॉफ्टवेअर फुकट आहे, विंडोज 10 च्या 2004 आवृत्तीपासून पुढे चालतं, पण आज्ञा टाईप कराव्या लागतात. रिक्युव्हा माऊसनं चालतं, नवख्याला सोपं. फोटोरेक फुकट आणि चिवट, फक्त फायलींची मूळ नावं परत येत नाहीत, हजारो फोटो ओळखत बसावं लागतं. फोटोंसाठी मी तरीही फोटोरेकच लावतो. कुठलंही वापरा, डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडा आणि मिळालेल्या फायली वेगळ्याच डिस्कवर उतरवा.

डिस्क टकटक आवाज करत असेल तर कुठलंच सॉफ्टवेअर चालवू नका, तिला पुण्या-मुंबईच्या लॅबचीच गरज आहे. काहीच निघालं नाही तर पैसे किती, हे आधी विचारून घ्या. ट्रिम होऊन गेलेल्या एसएसडीसाठी मात्र मी कोणाला लॅबच्या खर्चात घालत नाही.

बिन का टाळलं जातंय?

बहुतेक वेळा सेटिंग. बिनवर राईट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. 'डोन्ट मूव्ह फाईल्स टू द रिसायकल बिन' ही खूण असेल तर काढा. ही सेटिंग प्रत्येक ड्राइव्हची वेगळी असते. सी ठीक दिसतो आणि डी तसाच राहतो. तिथेच बिनचा आकार वाढवा, कारण त्यात न मावणारी मोठी व्हिडिओ फाईल विंडोज कायमची काढू का म्हणून विचारतं आणि घाईत आपण 'येस' दाबतो. डिलीटआधी विचारणारी खूणही चालू ठेवा.

दुसरा संशयित कीबोर्ड. शिफ्ट दाबून डिलीट केलं की फाईल बिनमध्ये जात नाही. आपल्याकडच्या धुळीत शिफ्टचं बटण अडकतं, किंवा स्टिकी कीज (बटण सोडलं तरी दाबलेलं मानणारी विंडोजची सोय) चालू असून शिफ्ट दोनदा दाबलं गेलं की ते दाबलेलंच धरलं जातं. कॅप्स लॉक बंद असूनही नोटपॅडमध्ये इंग्रजी अक्षरं आपोआप कॅपिटल येत असतील तर कारण सापडलं.

ऑफिसातल्या दुसऱ्या मशीनच्या शेअर फोल्डरमधून डिलीट केलेलंही तुमच्या बिनमध्ये येत नाही, तो बिघाड नव्हे. स्टोरेज सेन्स (विंडोजची आपोआप जागा मोकळी करणारी सोय) चालू असेल तर तो बिनमधल्या 30 दिवसांपेक्षा जुन्या फायली काढतो, तेव्हा ती सेटिंगही बघा.

एवढं करूनही होत नसेल तरच बिन रीसेट करा, म्हणजे त्या ड्राइव्हवरचं लपलेलं बिनचं फोल्डर कमांड प्रॉम्प्टमधून (आज्ञा टाईप करायच्या खिडकीतून) काढून मशीन पुन्हा चालू करा. त्या बिनमध्ये जे काही असेल, सगळ्या युजरांचं, ते यात जातं.

पुढच्यासाठी: हार्ड डिस्क की क्लाउड?

केळीच्या हिशोबपट्ट्या, सातबारा, पीक विम्याचे कागद सांभाळणाऱ्याला गूगल ड्राइव्ह पुरतो. 15 जीबी फुकट, आणि ट्रॅशमध्ये फाईल 30 दिवस राहते. पण मशीनवर सिंक लावलं असेल तर इथे डिलीट केलेलं तिकडेही डिलीट होतं, त्यामुळे महिनाभरात लक्षात यायला हवं. स्टुडिओवाल्याला हे परवडत नाही. एका लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ चढवताना नेटही पुरत नाही आणि जागाही. त्यानं बाहेरची हार्ड डिस्क घेऊन विंडोजची फाईल हिस्टरी लावावी. ती मुळात तासातासाला नव्या प्रती घेते आणि सांगितलं नाही तर जुन्या काढत नाही.

त्यात एक खाच आहे. फाईल हिस्टरी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा ठरलेल्या फोल्डरांचीच प्रत घेते. आपल्याकडे फॉरमॅटच्या भीतीनं सगळे डी ड्राइव्हवर काम ठेवतात, आणि ते तिला दिसत नाही. डीवरचं फोल्डर विंडोजच्या लायब्ररीत (फोल्डर एकत्र दाखवणाऱ्या यादीत) जोडून घ्या. मग त्यात एक साधी फाईल बनवा, तासाभरानं तिची प्रत बाहेरच्या डिस्कवर आली का ते बघा, मग डीवरची मूळ फाईल डिलीट करून बिनमध्ये जाते का तेही बघा.