चौकाचं घर : आर्किटेक्ट मॅडमच्या कामाचा आमचा अनुभव

कोल्हापुरात कळंब्याकडं आमचा दोन गुंठ्यांचा प्लॉट होता, त्यावर घर बांधून राहायला येऊन आता दिवाळीला वर्ष होईल. उन्हाळा, पावसाळा दोन्ही काढले म्हणून आता लिहितोय, नवीन घरात गेल्या गेल्या सगळं भारीच वाटतं त्यामुळं तेव्हा मुद्दाम लिहिलं नव्हतं.

आमची आई मंगळवार पेठेतल्या जुन्या घरात वाढलेली, पुढं सोपा म्हणजे ओसरी, माजघर, मधी वरून उघडा चौक, मागं परसू. तिची एकच मागणी होती की घरात बसून आभाळ दिसलं पाहिजे. दोन ठिकाणी विचारलं तर दोघांनीही आधीच तयार असलेला टू बीएचकेचा प्लॅन पुढं ठेवला, चौक म्हटल्यावर एकानं वर काचेचं छप्पर टाकू म्हणून सांगितलं. मग ओळखीतून या मॅडम मिळाल्या. त्यांना आई पहिल्याच भेटीत म्हणाली, "पोरी, चौकात पाऊस पडला पायजे, नायतर तो हॉल झाला." मॅडमनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं, मला तिथंच पटलं की काम यांनाच द्यायचं.

पहिले तीन आठवडे त्यांनी प्लॅन काढलाच नाही. डिसेंबर चालू होता, प्लॉटवर दहा फुटी बांबू रोवला आणि दुपारी त्याची सावली कुठवर जाते तिथं पांढऱ्या फक्कीनं खूण केली. साडेआठ फुटाच्या आसपास सावली पडली. म्हणजे दक्षिणेची भिंत दहा फूट आणि चौक बारा फूट रुंद धरला तर थंडीत दुपारचं ऊन फक्त उत्तरेकडच्या साडेतीन फुटांतच पडणार, मग आईचा बसायचा ओटा तिथंच. आणि मेच्या सुरुवातीला आपल्याकडं सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, त्या दिवसांत बांबूला सावलीच नाही, सगळं ऊन सरळ चौकात. म्हणून पूर्ण चौकाला फरशी घालायची नाही, कडेनं काळा दगड आणि मधी माती ठेवून प्राजक्त लावायचा, शिवाय उन्हाळ्यापुरतं शेडनेट ओढायला भिंतीत आधीच कड्या बसवायच्या असं ठरलं. बारा बाय चौदाचा चौक, १६८ स्क्वेअर फूट. नातेवाईक म्हणाले एक बेडरूम वाया घालवली. मलाही तेव्हा रात्री झोप लागायची नाही, खरंच सांगतो, पैसे कर्जाचे होते.

भिंती रॅट ट्रॅप बाँडच्या केल्यात. म्हणजे विटा आडव्या न ठेवता उभ्या कडेवर लावायच्या, मधी पोकळी राहते, विटा जवळपास पाव वाचतात आणि पोकळीमुळं उष्णता आत कमी येते, केरळात लॉरी बेकर यांनी ही पद्धत रुजवली. आमच्या गवंड्यानं हे कधी केलेलं नव्हतं, पहिली भिंत दोनदा पाडली, तिसऱ्यांदा मॅडम स्वतः उन्हात उभ्या राहून एकेक थर बघत होत्या. स्लॅबमध्ये जुनी मंगलोरी कौलं घातली, कौलाएवढं काँक्रीट वाचतं आणि खालून गिलावा न करता तशीच लाल कौलं दिसतात. पाहुणा आला की मान वर करून बघतोच.

हवेचं सांगायचं तर बाहेरच्या खिडक्या खाली, आणि चौकाकडच्या भिंतींना वर छताजवळ झरोके ठेवलेत. गरम हवा वर चढून झरोक्यातून चौकात आणि तिथून आभाळात जाते, तिच्या जागी बाहेरून खिडकीतून गार हवा आत ओढली जाते. एप्रिलमध्ये दुपारी सोप्यात पंखा एकच्या स्पीडवर पुरला, स्वयंपाकघर मात्र पश्चिमेला आहे आणि ते तापतंच, ते तसं का ठेवलं हे मला अजून पटलेलं नाही. दिवसा संध्याकाळपर्यंत कुठल्याच खोलीत लाईट लावायला लागत नाही. आणि शेजारचं घर अगदी खेटून असूनही आमच्या घरातलं कुणाला दिसत नाही, मिसेसना हे सगळ्यात जास्त आवडलंय.

आता चूक. चौक खोल्यांपेक्षा चार इंच खाली आणि पाणी जायला एकच तीन इंची पाईप. मॅडमनी हिशोब फक्त उघड्या जागेचा केला होता, चारी बाजूंच्या चार चार फुटी पागोळ्यांचं पाणीही तिथंच पडतं हे धरलंच नव्हतं. जुलैत एका रात्री पाऊस थांबेना, प्राजक्ताची पानं जाळीवर बसली आणि पहाटे तीनला आई हाक मारत होती. माजघरात पाणी, गादीची कड भिजलेली, पोरांची दप्तरं मी खुर्चीवर टाकतोय. २०१९ ला जुन्या भाड्याच्या घरात पंचगंगेचं पाणी आलं होतं तेव्हापासून आईला रात्री पाण्याचा आवाज सोसत नाही, त्यामुळं मला त्या रात्रीचा राग आहे आणि तो मी मॅडमना तोंडावर सांगितला. त्या सकाळीच आल्या, चूक माझी म्हणाल्या, कारणं दिली नाहीत. पण काम व्हायला तीन आठवडे गेले, तोवर आम्ही रोज रात्री उठून जाळी साफ करत होतो. आता समोरासमोर चार इंची असे दोन पाईप आणि मधी चेंबर आहे, ऑगस्टमध्ये त्रास झाला नाही. हे पाईप दगड बसवायच्या आधी घालून घ्या, आम्हाला बसवलेला दगड उचकटायला लागला.

बाकीच्या छपराचं पाणी वेगळ्या पन्हळीतून टाकीत जातं. ते छप्पर हजार स्क्वेअर फूट, म्हणजे ९३ चौरस मीटर, आपल्याकडं वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस धरला तर नव्वद हजार लिटरच्या आसपास पाणी होतं. टाकी दहा हजारचीच आहे, वरचं सगळं बोअरच्या कडेच्या खड्ड्यात सोडलंय.

मच्छर संध्याकाळी येतात, झरोक्यांना जाळी लागतेच. चौकावर लोखंडी ग्रील टाकलंय, त्यावर कबुतरं बसतात, दर रविवारी धुवायला लागतं.

मला विचाराल तर पाचपैकी चार. एक मार्क त्या रात्रीचा. माझ्या धाकट्या भावाचा गडहिंग्लजला प्लॉट आहे, त्याचं काम याच मॅडमना दिलंय, फक्त पाण्याचा हिशोब कागदावर लिहून घेतलाय. सकाळी आई ओट्यावर मेथी निवडत बसते, ऊन अजून ओट्यावर आलेलं नाही, दुपारी येईल म्हणते.