सोलापुरात सीएमए झाल्यावर: कारखान्यातील नोकरी की स्वतःची प्रॅक्टिस?

सीएमएची (कॉस्ट अँड मॅनेजमेंट अकाउंटंट) फायनल उत्तीर्ण झालेल्या सोलापूरच्या उमेदवाराला पुण्याचा रस्ता कायमच मोकळा असतो. मात्र ज्यांना घर, शेती किंवा आईवडिलांसाठी इथेच राहायचे आहे, त्यांच्यापुढचा खरा प्रश्न नोकरी धरावी की स्वतःचे कार्यालय थाटावे, हा आहे.

नोकरीचा विचार साखर कारखान्यापासून सुरू करावा, कारण परिव्ययाचे, म्हणजे उत्पादन खर्चाच्या हिशेबाचे, जितके प्रश्न तिथल्या एका गळीत हंगामात समोर येतात, तितके इतरत्र अनेक वर्षांतही येत नाहीत. २०२४-२५ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) टनामागे ३,४०० रुपये एफआरपी, म्हणजे उसाला द्यायचा किमान दर, ठरली होती. या उताऱ्याने एक टन उसातून १०२.५ किलो साखर निघते, म्हणजे नुसत्या उसाचाच खर्च किलोला ३३ रुपयांच्या वर जातो, आणि साखरेचा किमान विक्री दर तेव्हा ३१ रुपये होता. बाजारभाव त्याहून चढा असला, तरी गाळपाचा खर्च, पगार आणि कर्जावरील व्याज अजून धरायचेच आहे. मग बगॅस (उसाचा चोथा), मळी आणि प्रेसमड (रसातून निघणारा गाळ) यांचे मूल्य किती धरून वजा करायचे, बी-हेवी मळी (साखर पूर्ण न काढलेली मळी) इथेनॉलकडे वळवल्यामुळे साखर जी कमी निघाली तिचा भार आसवनीवर (इथेनॉल बनवणाऱ्या विभागावर) किती टाकायचा, सहवीज प्रकल्पाला दिलेला बगॅस कोणत्या दराने दाखवायचा, हे सारे कॉस्ट अकाउंटंटला ठरवावे लागते. चीफ केमिस्टच्या रोजच्या अहवालाशी स्वतःचे आकडे जुळवायला जो शिकला, त्याची या विषयातली बैठक पक्की झाली असे मी मानतो.

या नोकरीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. काही कारखान्यांत पगार महिनोन्महिने थकतात, त्यामुळे रुजू होण्यापूर्वी तिथल्या कामगारांकडे याची चौकशी जरूर करावी. नियमित पगार आणि शिस्तशीर पद्धती हवी असेल, तर चिंचोळी एमआयडीसीतील अभियांत्रिकी उद्योग किंवा प्रिसिजन कॅमशाफ्ट्स, बालाजी अमाइन्स यांसारख्या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या अधिक योग्य ठरतात. तिथे प्रमाण परिव्यय (आधी ठरवलेला अपेक्षित खर्च), त्यापासूनच्या तफावतीचे विश्लेषण आणि ईआरपी या संगणक प्रणालीवरचे काम हाताखालून जाते.

प्रॅक्टिसचा हिशेब वेगळा आहे. कॉस्ट ऑडिटवर (उत्पादन खर्चाच्या नोंदींच्या तपासणीवर) सही करण्याचा अधिकार प्रॅक्टिस करणाऱ्या सीएमएलाच आहे, नोकरदाराला नाही, आणि हेच तिचे सर्वांत मोठे आकर्षण. पण हे ऑडिट कंपनी कायदा २०१३ च्या कलम १४८ खाली, म्हणजे कंपन्यांनाच लागू होते, आणि तेही मर्यादा ओलांडल्यावर. साखरेसारख्या नियंत्रित क्षेत्रात एकूण उलाढाल ५० कोटी व त्या उत्पादनाची २५ कोटी, तर वस्त्रोद्योगासारख्या अनियंत्रित क्षेत्रात हेच आकडे १०० कोटी आणि ३५ कोटी आहेत. सहकारी साखर कारखाना कंपनी नसल्याने या कलमात येत नाही, आणि अक्कलकोट रस्त्यावरचे बहुतेक यंत्रमागधारक मालकी किंवा भागीदारीत धंदा करतात. आयकराचे टॅक्स ऑडिट फक्त सीए (चार्टर्ड अकाउंटंट) करू शकतो. त्यामुळे इथल्या नव्या प्रॅक्टिसला सुरुवातीची वर्षे जीएसटी विवरणपत्रे, नोटिसांची उत्तरे आणि बँकेसाठीचे प्रकल्प अहवाल यांवरच काढावी लागतात. त्यात कॉस्ट ऑडिटचा अहवाल आर्थिक वर्ष संपल्यापासून १८० दिवसांत संचालक मंडळाला द्यायचा असल्याने ते काम ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये एकदम अंगावर येते.

असे असूनही यंत्रमागधारकांकडे मोठे काम पडून आहे, असे माझे ठाम मत आहे. टेरी टॉवेलचा भाव सांगताना अनेक मालक सुताचा दर, पिसामागची मजुरी आणि अंदाजाने धरलेला वरखर्च एवढेच मोजतात. गडद रंगाला फिकट रंगापेक्षा रंगद्रव्य जास्त लागते, धुलाईही जास्त लागते. तरीही दोन्ही छटा एकाच भावात दिल्या जातात, आणि ऑर्डरमध्ये गडद माल वाढला की नफा कुठे गेला ते उमगत नाही. छटेनुसार, सुताच्या काउंटनुसार (जाडी-बारीकपणानुसार) आणि वाया जाणाऱ्या मालाच्या घटीनुसार दर पिसाचा खर्च मांडून दिला, तर मालक त्याचे मानधन देतो, मात्र एखाद्या ऑर्डरीत फरक दिसल्यानंतरच. कायद्याची सक्ती नसलेले हे काम विश्वासावर मिळते, आणि तो विश्वास कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलापेक्षा शॉप फ्लोअरवर वावरलेल्या माणसाला लवकर मिळतो.

म्हणून घरात आधीपासून कर सल्लागाराचे चालते कार्यालय असेल तर थेट प्रॅक्टिसमध्ये उतरावे. इतरांनी चार-पाच वर्षे कारखान्यात काढावीत, असे मी सुचवेन. नोकरी सोडून प्रॅक्टिस केव्हाही सुरू करता येते. उलट बरीच वर्षे केवळ विवरणपत्रे भरत बसलेल्या सीएमएला कॉस्टिंग विभागात परत घ्यायला कारखाने सहसा तयार होत नाहीत.