केळी: कंद लावावेत की टिश्यू कल्चरची रोपे?

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलकडे पूर्वी मृगबाग, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर लावलेली केळीची बाग, कंदांचीच. ओळखीच्या बागेतले, तलवारीसारख्या पानांचे मुनवे, म्हणजे झाडाच्या बुंध्याशी फुटलेली पिल्ले, कंदासह निवडायचे, तासायचे, लावायचे. खर्च कमी, पण कंदाबरोबर सूत्रकृमी, सोंडकीड आणि विषाणूही फुकटात येतात. कंद लहानमोठे, म्हणून निसवण, म्हणजे घड बाहेर पडणे, मागेपुढे. बाग कापून व्हायला 18 महिने सहज जातात.

ग्रँड नैन या वाणाचे टिश्यू कल्चर रोप प्रयोगशाळेत कोंबाच्या टोकापासून वाढवतात. निसवण जवळपास एकदमच, काढणी 11-12 महिन्यांत. व्यापाऱ्याला ट्रक भरायला हेच हवे असते. मात्र ‘रोगमुक्त’ हा शब्द जपून वाचावा. मातृझाडाची विषाणू तपासणी झाली नसेल, तर प्रयोगशाळा रोगाच्याच हजारो प्रती काढते. स्वच्छ रोपालाही शेतात मावा सीएमव्ही (काकडीवरचा मोझॅक विषाणू), म्हणजे आपला हरण्या रोग, देऊ शकतोच. शेजारी काकडी असेल तर विचारूच नका.

माझा कौल रोपांना, पण तपासणीचा दाखला पाहूनच. सगळी बाग एकाच गटातली असली की एकच रोग ती सगळी घेऊन जाऊ शकतो, ही एकसारखेपणाची धास्ती मात्र दोन्हीकडे आहे. कंदाने लावली जाणारी जुनी बसराई जातसुद्धा ग्रँड नैनच्याच कॅव्हेंडिश गटातली, त्यामुळे पनामा मर या बुरशीजन्य रोगाच्या टीआर-4 या प्रकारापुढे तिचाही आडोसा नाही. तिथे उपयोगी पडतील ते तिरुचिरापल्लीच्या राष्ट्रीय केळी संशोधन केंद्रात जपलेले वेगळे वाण.