आयएलआरवर थांबावं की ब्रिटिश पासपोर्ट घ्यावा?

ब्रिटनमध्ये पाच वर्षं होत आली की मराठी घरांत एकच चर्चा सुरू होते. आयएलआर मिळाला की तिथंच थांबायचं, की वर्षभरानं नागरिकत्वही घेऊन टाकायचं? आयएलआर म्हणजे मुदतीची अट नसलेला वास्तव्याचा परवाना. बोलताना आपण त्याला पीआरच म्हणतो. पूर्वी ही चर्चा निवांत चालायची. मे २०२५ मध्ये स्थलांतराबद्दलची सरकारची श्वेतपत्रिका आली आणि या चर्चेत काळजी मिसळली. मी आधी आयएलआर घेतला आणि नागरिकत्व घ्यायला त्यानंतर चार वर्षं लावली, म्हणून दोन्ही बाजू जवळून पाहिल्या आहेत. जे ठरवण्याच्या उंबरठ्यावर आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी परीक्षेचं बोलू, कारण सगळ्यात जास्त धास्ती तिचीच असते. ‘लाइफ इन द यूके’ ही परीक्षा नोव्हेंबर २००५ मध्ये फक्त नागरिकत्वासाठी सुरू झाली आणि एप्रिल २००७ पासून आयएलआरलाही लागू झाली. ४५ मिनिटांत २४ प्रश्न, त्यातले १८ बरोबर आले की पास. फी ५० पौंड. नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा बसता येतं, आणि कितीही वेळा. १८ ते ६४ वयाच्या प्रत्येकाला ती द्यावी लागते. ६५ पूर्ण झालेल्यांना माफ आहे. एकदा पास झालात की तो निकाल कधीच शिळा होत नाही. आयएलआरसाठी दिलेली परीक्षाच पुढं नागरिकत्वालाही चालते. त्यामुळे ‘परत अभ्यास कोण करणार’ या कारणावरून नागरिकत्व टाळणाऱ्यांना मी एवढंच सांगतो की तो अभ्यास तुमचा झालेला आहे.

अभ्यास मात्र सरकारी पुस्तकातूनच करा, सगळे प्रश्न त्यातूनच येतात. १०६६ ची हेस्टिंग्जची लढाई, १२१५ चा मॅग्ना कार्टा, १९१८ मध्ये तिशीपुढच्या आणि १९२८ मध्ये एकविशीपुढच्या स्त्रियांना मिळालेला मतदानाचा हक्क, यूकेतल्या चार देशांचे चार संत आणि त्यांच्या तारखा. बरंचसं पाठांतरच आहे. पण त्याच पुस्तकात भारतातून आलेला साके दीन महोमेद भेटतो. त्यानं १८१० मध्ये लंडनच्या जॉर्ज स्ट्रीटवर हिंदुस्थानी कॉफी हाउस उघडलं आणि इंग्रजांना आपली चंपी शिकवली. ते पान वाचताना मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. दोनशे वर्षांपूर्वी आपल्याकडचा कुणीतरी इथं दुकान मांडून बसला होता, याचा मला आधार वाटला.

इंग्रजीचा मुद्दा जास्त नाजूक आहे. आतापर्यंतची अट बी-१ पातळीची (युरोपीय भाषामोजपट्टीतली मधली पायरी), तीही फक्त बोलणं आणि ऐकणं एवढ्यापुरती. नोकरीच्या व्हिसावर आलेल्यानं पहिल्या अर्जातच इंग्रजी सिद्ध केलेलं असतं, म्हणून त्याला याची झळ लागत नाही. झळ लागते ती त्याच्याबरोबर अवलंबून म्हणून आलेल्या जोडीदाराला. मराठी माध्यमात शिकलेली, इथं येऊन मुलं सांभाळणारी बायको आयएलआरच्या वेळी पहिल्यांदा परीक्षकासमोर बसते. पदवी इंग्रजीतून घेतली असेल तर एक्टिस या संस्थेकडून तसं पत्र मिळवता येतं आणि परीक्षा वाचते. नसेल तर ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या इंग्रजी परीक्षेची पाचवी ग्रेड किंवा आयईएलटीएस लाइफ स्किल्स ही परीक्षा. ट्रिनिटीची मुलाखत दहा मिनिटांची असते आणि त्यातला एक विषय आपणच निवडून जातो.

आता हीच पातळी वर सरकते आहे. नोकरीच्या व्हिसासाठी नव्यानं अर्ज करणाऱ्यांना ८ जानेवारी २०२६ पासून बी-२ लागतं, आणि स्थायिक होण्यासाठीही बी-२ ठेवण्याचं श्वेतपत्रिकेत म्हटलं आहे. बी-१ म्हणजे रोजच्या गोष्टी नीट बोलता येणं. बी-२ म्हणजे मत मांडणं, मुद्दा लढवणं. या दोन पातळ्यांत कित्येक महिन्यांच्या सरावाचं अंतर आहे. ज्या घरात एकाचं इंग्रजी कच्चं आहे, तिथं आयएलआरच्या तारखेची वाट बघत बसू नका, शिकवणी आजच लावा. भाषा येणाऱ्या नवऱ्यानं बायकोसाठी आठवड्यातली दोन संध्याकाळं बाजूला काढली, तर कुठल्याही क्लासपेक्षा जास्त फरक पडतो. हे मी आमच्या घरात पाहिलं आहे.

यापुढं मात्र वाटा वेगळ्या होतात.

नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारनं जे प्रस्ताव चर्चेला ठेवले त्यात स्थायिक होण्याची मूळ मुदत पाचवरून दहा वर्षं करण्याचं होतं. पगार जास्त असेल किंवा इंग्रजी बी-२ च्याही वरच्या सी-१ पातळीचं असेल तर वर्षं कमी होणार, आणि कमी कौशल्याच्या मानल्या गेलेल्या कामांसाठी मुदत पंधरा वर्षांपर्यंत जाणार. ज्यांच्याकडे आयएलआर आधीच आहे त्यांना हे लागू होणार नाही, असं गृहमंत्री शबाना महमूद यांनी तेव्हाच सांगितलं. म्हणून आयएलआरच्या बाबतीत माझं मत पक्कं आहे: ज्या दिवशी पात्र व्हाल त्या दिवशी अर्ज करा. मुदत पूर्ण होण्याच्या २८ दिवस आधीपासून अर्ज करता येतो. त्या २८ दिवसांतला एकही दिवस आळसात घालवू नका.

आयएलआरवरच थांबण्यात काय गैर आहे? फारसं काही नाही. नोकरी बदलायला मोकळीक, स्पॉन्सरची, म्हणजे व्हिसाची हमी देणाऱ्या कंपनीची, कटकट नाही, दर वर्षाचा १,०३५ पौंडांचा आरोग्य अधिभार बंद, गरज पडली तर सरकारी मदतीचा हक्क. मतदानाचंही अनेकांना ठाऊक नसतं. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे इथं राहणारा भारतीय नागरिक इथल्या संसदेच्या निवडणुकीतही मत देऊ शकतो, त्यासाठी ब्रिटिश व्हावं लागत नाही. भारतातलं मतही शाबूत राहतं. अनिवासी म्हणून नाव नोंदवता येतं, मात्र मत द्यायला स्वतः आपल्या मतदान केंद्रावर जावं लागतं. टॅक्स तुम्ही कुठं राहता यावर ठरतो, पासपोर्टचा रंग बघून नाही.

आयएलआरची कमजोरी एकच, पण ती मोठी आहे. सलग दोन वर्षांपेक्षा जास्त काळ ब्रिटनबाहेर राहिलात की तो संपतो. कुणी भारतात आई-वडिलांच्या आजारपणासाठी जातं, कुणी कंपनीच्या कामानं दुबईला. सहा महिन्यांचे दोन वर्षं कधी होतात कळत नाही. परत यायचं तर वेगळा व्हिसा मागावा लागतो आणि तो मिळेलच असं नाही. शिवाय आयएलआर हा शेवटी परवाना आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये रिफॉर्म यूके पक्षानं तो प्रकारच रद्द करण्याची भाषा केली. ते उद्या होईल असं मी म्हणत नाही, पण ते ऐकल्यावर आमच्या ओळखीतल्या तीन घरांनी नागरिकत्वाचे फॉर्म काढले. त्यांची भीती मला खोटी वाटली नाही.

खर्चाचा हिशोब थोडक्यात सांगतो. एप्रिल २०२५ च्या दरानं आयएलआर माणशी ३,०२९ पौंड आणि नागरिकत्व समारंभाच्या फीसकट १,७३५ पौंड. चौघांच्या कुटुंबाला दोन्ही करायचं म्हणजे मोठी रक्कम, म्हणून एकामागून एक, दोन-तीन वर्षांत विभागून करणं शहाणपणाचं.

दिवस मोजणं हा पैशाहून मोठा प्रश्न आहे. आयएलआरला कोणत्याही बारा महिन्यांत १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलेलं चालत नाही. नागरिकत्वाला हिशोब वेगळा: पाच वर्षांत मिळून ४५०, आणि शेवटच्या बारा महिन्यांत ९०. शिवाय अर्ज पोचण्याच्या दिवसापासून बरोबर पाच वर्षं मागं जाऊन जो दिवस येतो, त्या दिवशी तुम्ही प्रत्यक्ष ब्रिटनमध्ये असायला हवं. जायचा आणि यायचा दिवस मोजत नाहीत. थोडं पुढं-मागं झालं तर सवलत मिळते, पण तिच्या भरवशावर अर्ज करू नका. माझी आई आजारी पडली तेव्हा मी एका वर्षात ११८ दिवस पुण्यात होतो. आयएलआरला त्याचा काही फरक पडला नसता, नागरिकत्वाचा अर्ज मात्र मला पूर्ण वर्षभर पुढं ढकलावा लागला. ते वर्ष मला वाया गेलं असं कधीच वाटलं नाही. पण ज्यांचे आई-वडील थकले आहेत त्यांनी हा आकडा आधीच डोक्यात ठेवावा.

आता भारताची बाजू. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेनं घेतलं की भारताचं आपोआप संपतं. समारंभात शपथ घेतली त्या क्षणापासून हातातला निळा पासपोर्ट वापरायचा नाही. त्यावर प्रवास केला तर दंड होतो. तो जमा करायचा, ब्रिटिश पासपोर्ट काढायचा, मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना भारत सरकार देतं ते कार्ड. या मधल्या काही आठवड्यांत तुमच्याकडे वापरता येईल असा एकही पासपोर्ट नसतो. घरून फोन आला तरी विमानात बसता येत नाही. या गोष्टीबद्दल कुणी आधी सांगत नाही, म्हणून मी मुद्दाम सांगतोय: समारंभाचं निमंत्रण आलं की तीन महिन्यांच्या आत तो करायचा असतो, तेवढ्यात घरची परिस्थिती बघून तारीख निवडा.

ओसीआय घेतल्यावर भारतात जाणं-येणं आणि कितीही दिवस राहणं तसंच राहतं. मतदान जातं, सरकारी नोकरी जाते. शेतजमिनीबद्दल मात्र गावाकडे गैरसमज फार आहेत. ‘ब्रिटिश झालास तर सातबाऱ्यावरून नाव जाईल’ असं माझ्या काकांनी मला ठणकावून सांगितलं होतं. वडिलोपार्जित शेतजमीन वारशानं ओसीआयधारकालाही मिळते. नवी विकत घेता येत नाही, पण परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही ती विकत घेता येत नाहीच. म्हणजे आज इथं राहत असताना या बाबतीत दोघांत फरक जवळपास नाही. आणि परतीचा दरवाजा बंद होत नाही: पाच वर्षं ओसीआय असून अर्जाआधीचं एक वर्ष भारतात राहिलात तर पुन्हा भारतीय नागरिक म्हणून नोंदणी करता येते.

हे सगळं सांगूनही निळा पासपोर्ट परत देताना हात थरथरतो, हे खरं आहे. त्या भावनेला कमी लेखू नका. मला चार वर्षं लागली त्यातलं एक वर्ष दिवसांच्या हिशोबाचं होतं, उरलेली तीन त्या थरथरीची.

मग कुणी काय करावं? पाच-सात वर्षांत भारतात परतायचं नक्की असेल तर आयएलआरवर थांबा, पण दोन वर्षांचं घड्याळ विसरू नका. कामासाठी युरोपात सारखं फिरावं लागत असेल, दर वेळी शेंगेन व्हिसाच्या रांगेत उभं राहावं लागत असेल, किंवा मुलं इथंच वाढणार असतील तर नागरिकत्व घ्या. मुलांच्या स्वतःच्या नागरिकत्वासाठी मात्र घाई नको, कारण आयएलआर मिळाल्यानंतर इथं जन्मलेलं मूल जन्मतःच ब्रिटिश असतं आणि त्याआधी इथं जन्मलेल्याची नोंदणी आई किंवा बाबांपैकी एकाला आयएलआर मिळाला की करता येते. परतण्याची शक्यता आहे, पण खात्री नाही असं असेल तर मी नागरिकत्वाच्या बाजूनं झुकेन. ओसीआयवरून मागं येता येतं, पण एकदा गमावलेला आयएलआर परत मिळवणं फार अवघड आहे.

अनेक घरांनी निवडलेला मधला मार्गही विचारात घ्या. दोघांपैकी एकानं नागरिकत्व घ्यायचं, दुसऱ्यानं भारतीय पासपोर्ट ठेवायचा. ज्याचे आई-वडील जास्त थकले आहेत त्यानं थांबायचं, म्हणजे तातडीला एकाचा पासपोर्ट कायम हाताशी राहतो. पुढं मन बदललं तर थांबलेल्याचं नुकसान होत नाही, उलट त्याचा मार्ग सोपा होतो. ब्रिटिश नागरिकाच्या जोडीदाराला पाचाऐवजी तीन वर्षांचं वास्तव्य पुरतं, बाहेर राहण्याची मर्यादा २७० दिवसांची होते, आणि आयएलआरनंतर वर्षभर थांबण्याची अट त्याला लागत नाही. आमच्या घरी आधी मी घेतलं. बायकोचा निळा पासपोर्ट अजून कपाटात आहे, आणि ब्रिटिश पासपोर्ट कधी घ्यायचा हे तिचं ती ठरवेल.