युनियनची पावती फाडायची की नाही?

चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर, कुठल्याही एमआयडीसीत परमनंटचं पत्र हातात पडलं की युनियन कमिटीचा माणूस वर्गणीचं पावतीबुक घेऊन येतोच. नाहीतर फॉर्मवर सही मागतो, म्हणजे वर्गणी परस्पर पगारातून कापली जाईल. (तुमच्या लेखी संमतीशिवाय ही कपात करता येत नाही.) त्याच वेळी लाइनवरचा एखादा जुना कामगार कानात सांगतो, "मी आजवर एक रुपया भरला नाही, वाढ मला पण तेवढीच मिळाली."

तो खोटं बोलत नाही. महाराष्ट्रात मान्यताप्राप्त युनियनने केलेला करार सभासद नसलेल्यांनाही लागू होत आलाय. सरकारच्या समेट अधिकाऱ्यासमोर झालेल्या कराराचंही तेच. मान्यता नसताना कंपनीशी परस्पर केलेला करार तेवढा सह्या करणाऱ्यांपुरता असतो. मग बाकीचे करार मान्य असल्याचं लिहून देतात आणि फरकाची रक्कम हातात येताना युनियनची विशेष वर्गणी त्यातून जाते, असं बऱ्याच ठिकाणी चालतं.

समजा वर्गणी महिना १०० रुपये आहे आणि तीन वर्षांच्या करारात पगार महिन्याला ६,००० ने वाढला. तीन वर्षांची वर्गणी ३,६०० रुपये, म्हणजे पहिल्याच वाढीव पगारात वसूल. पण न भरणाऱ्यालाही ते ६,००० मिळाले आणि त्याचे ३,६०० वाचले. निव्वळ पगारवाढीवर तोललं तर फुकट्याचंच पारडं जड आहे, हे कमिटीवाल्यांनीही मान्य करावं.

फरक पडतो तो चार्जशीट हातात आल्यावर. सुपरवायझरशी बाचाबाची झाली किंवा मशीनवर जॉब रिजेक्ट झाले, की आधी खुलासा मागतात, मग खातेनिहाय चौकशी बसते. एका टेबलाशी चौकशी अधिकारी, बहुधा कंपनीनेच नेमलेला वकील, शेजारी एचआरचा माणूस, समोर तुम्ही. प्रत्येक पानावर तुमची सही घेतात आणि पुढे कोर्टात तीच पानं वाचली जातात. आदर्श स्थायी आदेशांप्रमाणे, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या सरकारी नमुना नियमांप्रमाणे, तुमच्या बाजूने बोलायला सहकारी कामगार किंवा तुम्ही ज्या युनियनचे सभासद आहात तिचा पदाधिकारी बसू शकतो. सहकारी बिचारा स्वतःच्या नोकरीला जपून बोलणार. अशा दहा चौकश्या लढलेला पदाधिकारी उलटतपासणीत काय विचारायचं ते जाणतो, पण त्याच्यासाठी सभासदत्व लागतं. २०२० ची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात ३०० पेक्षा कमी कामगारांच्या कारखान्यांना स्थायी आदेशांची सक्ती नाही. लहान कंपनीत असाल तर या नियमांचा आधार असेलच असं नाही, म्हणून सभासदत्व जास्त मनावर घ्या.

न भरणारा अगदीच उघडा पडतो असंही नाही. औद्योगिक विवाद कायद्याच्या २०१० च्या दुरुस्तीपासून नोकरीवरून काढलेला कामगार युनियनशिवाय स्वतःच दाद मागू शकतो. वकिलाची फी मात्र त्याच्याच खिशातून.

दुसरी गोष्ट डोकी मोजण्याची. युनियनच्या मान्यतेबद्दलच्या महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात मान्यतेला ३० टक्के सभासद पुरत होते. नव्या संहितेत एकाहून जास्त युनियन असतील आणि एकीलाच वाटाघाटी करायच्या असतील, तर तिला ५१ टक्के लागतात. निम्मी लाइन "मिळतंय तर भरायचं कशाला" म्हणत बसली, तर ज्या करारावर सगळे जगतात तो करणाऱ्या युनियनची ताकद उरणार नाही. गिरणगावात याची उलट बाजू दिसली. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार कामगार नेते दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले, पण कायद्याच्या लेखी त्यांच्या वतीने बोलण्याचा हक्क राष्ट्रीय मिल मजदूर संघ या दुसऱ्या युनियनकडेच राहिला. मन एकीकडे आणि पावती दुसरीकडे, याची किंमत मोठी असते.

म्हणून माझा कौल भरण्याकडे आहे, पण डोळे झाकून नाही. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने सभासदाला हिशेबाची वही पाहण्याचा हक्क दिला होता, आणि राजकीय कामाचा निधी वेगळा ठेवायला लावून तो ऐच्छिक केला होता. वही मागितल्यावर नेता चिडत असेल, सर्वसाधारण सभा वर्षानुवर्षं होत नसेल, किंवा 'अंतर्गत युनियन' एचआरच्या केबिनमध्येच जन्मली असेल, तर थांबा. दुसरी युनियन असेल तर तिच्या कमिटीशी बोलून पाहा.

कंत्राटी कामगाराचं गणित निराळं. मालक म्हणून कागदावर ठेकेदार असतो आणि परमनंटवाल्यांचा करार सहसा त्याच्यापर्यंत पोचत नाही. तुमच्याकडे वर्गणी मागायला आले, तर त्यांचं मागणीपत्रक वाचायला मागा. कंत्राटी कामगारांसाठी त्यात एकही कलम नसेल, तर पावती फाडू नका.