आठ महिने फीचर फ्लॅगला कंस लावून कोड लिहितोय, माझा अनुभव

निमित्त मे महिन्यातलं. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात आमचं कार्ड (मागावर लक्ष ठेवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) बसवलेला माग बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा तुटला तरी थांबलाच नाही. रात्रपाळीचा कारागीर पलीकडच्या मागावर सूत जोडत होता. सकाळी मालकांनी टॉवेल माझ्यापुढं उलगडून दाखवला, मधेमधे बोटभर विरळ पट्टे, उजेडाला धरलं की आरपार दिसायचं. "हे कुणाला विकू सांगा आता," एवढंच म्हणाले, आवाज पण नाही चढवला, त्याचंच जास्त लागलं.

कार्ड साधं आहे, एटीमेगा ३२८ चिप, कोड साठवायची फ्लॅश मेमरी ३२ केबी. सगळ्या गिऱ्हाइकांना कोड एकच, कुणाला धागा-स्टॉप पाहिजे, कुणाला बझर, कुणाला फक्त पिक (बाण्याचे फेरे) मोजणी, म्हणून मॅक्रोचे फ्लॅग, म्हणजे कोडात नाव देऊन ठेवलेले 1 किंवा 0 चे स्विच. आणि चूक काय होती? हेडरमध्ये, म्हणजे ही नावं ठेवायच्या फाइलमध्ये, नाव वेफ्ट_स्टॉप (वेफ्ट म्हणजे बाणा), आणि फ्लॅग तपासायच्या ओळीत मी #इफ च्या पुढं लिहिलेलं वेफ्टस्टॉप. एक अंडरस्कोअर. कंपायलर, म्हणजे कोडापासून चिपचा प्रोग्राम बनवणारं टूल, काही म्हणजे काहीच बोलला नाही, कारण सी भाषेत #इफ ला अनोळखी नाव दिसलं की तो सरळ शून्य धरतो, म्हणजे फीचर बंद. नियमच तसा आहे. मला हा नियम आजही पटत नाही, सगळा राग त्याच्यावरच आहे. साध्या कोडात व्हेरिएबलचं नाव चुकलं तर कंपायलर लगेच अडवतो, आणि जिथं अख्खं फीचर चालू-बंद होतं तिथं गप्प बसतो!

#इफ ऐवजी #इफडेफ वापरा म्हणणाऱ्यांनी हे ऐका. आमच्या पोरानं बझर बंद करायला मेकफाइलमध्ये (प्रोग्राम बनवायच्या सूचनांची फाइल) बझर=0 दिलं, बझर वाजतच राहिला. #इफडेफ किंमत बघत नाही, नाव आहे का एवढंच बघतो. आणि तिथं पण स्पेलिंग चुकलं की गप्पच.

मग मी प्रत्येक फ्लॅग फंक्शनसारखा मॅक्रो केला, नावापुढं रिकामे कंस, किंमत 1 किंवा 0, आणि वापरताना #इफ वेफ्ट_स्टॉप(). आता नाव चुकलं किंवा हेडर इन्क्लूड करायचं राहिलं तर बिल्ड, म्हणजे प्रोग्राम बनवणं, तिथंच थांबतं. जीसीसी या कंपायलरचा मेसेज मात्र भलताच, "मिसिंग बायनरी ऑपरेटर बिफोर टोकन", पहिल्यांदा अर्धा तास कुठला ऑपरेटर राहिला तेच शोधत बसलो. क्लँग हा दुसरा कंपायलर सरळ सांगतो की असा मॅक्रो डिफाइन केलेला नाही. पण थांबतं हे महत्त्वाचं, आणि पैसा एक लागला नाही. कोड तपासायच्या विकतच्या टूलचं कोटेशन मागवलं होतं, ते परत पाठवलं.

तीन महिने मी सगळ्यांना सांगत होतो की कंस लावले की विषय संपला. ते चूक होतं, इथं दुरुस्त करतो. ऑगस्टमध्ये त्याच पोराकडनं कंस लिहायचे राहिले, नुसतं #इफ वेफ्ट_स्टॉप. कंस नसले की फंक्शनसारखा मॅक्रो उलगडतच नाही, नुसतं नाव उरतं, आणि परत शून्य! टेबलावरच सापडलं म्हणून वाचलो. तेव्हापासून -डब्ल्यूअनडेफ (#इफ मध्ये अनोळखी नाव आलं की बोलणारा कंपायलरचा पर्याय) पण लावलंय, तेही एरर म्हणून, वॉर्निंग म्हणून ठेवलं तर कोण वाचतंय. लावल्या लावल्या चिप कंपनीच्या हेडरमधनं ढीगभर एरर आले, ते फोल्डर -आयसिस्टम नं, म्हणजे बाहेरचं म्हणून, दिलं की गप्प झाले. आणि #इफडेफ वर कंसवाला फ्लॅग 0 असला तरी चालूच धरला जातो, म्हणून मेकफाइलमध्ये ग्रेपची (शब्द शोधायची कमांड) एक ओळ टाकलीय, आमच्या फोल्डरात #इफडेफ दिसला की बिल्ड बंद.

एक त्रास अजून आहे. बंद फ्लॅगच्या आतला कोड कंपायलर बघतच नाही. दिवाळीनंतर एका गिऱ्हाइकाला जुनं फीचर चालू करून द्यायला गेलो तर आतल्या व्हेरिएबलचं नाव मधल्या काळात बदललेलं, बिल्डच होईना. म्हणून आता जमेल तिथं #इफ ऐवजी साधा इफ लिहितो, इफ च्या कंसात बझर(). लिनक्स कर्नलमध्ये इझ_एनेबल्ड वापरतात त्यामागं हाच विचार आहे. कोड तपासला जातो, आणि फ्लॅग 0 असला तर ऑप्टिमायझर तो भाग काढून टाकतो, फ्लॅश वाढत नाही. व्हेरिएबलच अस्तित्वात नसेल तिथं मात्र #इफ ला पर्याय नाही. उरलेल्यासाठी पाच फ्लॅगची 32 कॉम्बिनेशनं रोज संध्याकाळी जुन्या लॅपटॉपवर बिल्ड करून बघतो, चहा होईपर्यंत उरकतं.

त्या कारखान्यातली चाळीस कार्डं स्वतः जाऊन परत फ्लॅश केली, म्हणजे दुरुस्त कोड भरला, पट्टेवाल्या मालाचे पैसे बिलातनं वजा करून दिले. जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेआधी त्याच मालकांनी अजून बारा मागांची ऑर्डर दिली. कार्ड लावून झाल्यावर त्यांनी स्वतः कात्रीनं बाणा तोडला आणि माग थांबेपर्यंत तिथनं हलले नाहीत.