लातूरच्या उन्हाळ्यात जोडलेला गंडम

बंदाई या जपानी खेळणी कंपनीचा एंट्री ग्रेड (नवशिक्यांसाठीचा) आरएक्स-७८-२ गंडम, म्हणजे जपानी कार्टून मालिकेतल्या यंत्रमानवाचं सुटे भाग जोडून बनवायचं प्लास्टिकचं मॉडेल, प्रमाण १/१४४. म्हणजे कथेतला १८ मीटरचा यंत्रमानव टेबलावर साडेबारा सेंटीमीटरचा होतो. माझा पाचवीतला भाचा सुट्टीला आला होता, त्याच्यासोबत जोडला.

कटर लागत नाही, गोंद लागत नाही. प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेला भाग बोटाने पिळला की सुटतो. भर दुपारी लाईट गेली तरी खिडकीपाशी बसून आम्ही दोन्ही पाय पुरे केले.

खरी कमाल डोक्यात आहे. पिवळे डोळे स्टिकरचे नाहीत, रंगीत प्लास्टिकचाच वेगळा तुकडा आहे. तो मागून बसवला, पुढून पांढरा चेहरा दाबला आणि ‘टक्’ आवाज आला, तसा पोरगा ओरडला, “मामा, बघायलाय की हा!”

छातीवरच्या खाचांत ०.५ ची पेन्सिल फिरवा, उठाव येतो. शाईचा पेन घामेजल्या हाताने पसरतो. गुडघे, कोपरं भरपूर वाकतात.

ऑनलाइन दुकानाने मात्र खोका नुसत्या पातळ पिशवीत पाठवला, कोपरा चेपून आला. आतलं सगळं शाबूत होतं. पहिल्यांदा जोडणाऱ्याने बिनधास्त हाच घ्यावा.